आमच्या घरात न चालणारं क्रियापद

आमच्या घरात 'पळणे' हे क्रियापद चालत नसे. बस चुकायची, कुत्रं सटकायचं, चोर पसार व्हायचा. पळायचं कुणीच नाही. घरात आम्ही अहिराणी बोलतो आणि अहिराणीत पळण्याला 'पयनं' म्हणतात. पोर 'पयस' म्हणजे पोर पळते, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण पोर 'पयी गयी' एवढं म्हटलं की ऐकणारा पुढचं वाक्य न ऐकताच मान हलवतो. तीस-एक वर्षांपूर्वी आमच्या मूळ गावी, रनाळ्याला, घराच्या ओट्यासमोर उभं राहून कुणीतरी म्हणालं, "आबानी आंडेर पयी गयी." आबा म्हणजे माझे वडील, आणि आंडेर म्हणजे त्यांची मुलगी, माझी थोरली बहीण. शहाद्याच्या एका मारवाडी कापड दुकानदाराच्या मुलाबरोबर ती सुरतेला गेली आणि तिथेच संसाराला लागली. आबांनी तिचं नाव टाकलं. नावाबरोबर ते क्रियापदही टाकलं, आणि आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने त्याला वळसा घालून बोलायला शिकून घेतलं.

मी घाबरट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसायला सोपं जाईल. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात मी कारकून आहे आणि पुरुषोत्तमनगरला राहतो. आई गेल्यापासून आबाही आमच्याकडेच असतात. शेतकऱ्याला काळजी असते आपल्या उसाला तोड कधी मिळणार याची, ती मिळाली की त्याची काळजी संपते. मी रोज सगळ्यांच्या काळज्या ऐकतो आणि त्यातली एखादी घरी घेऊन येतो. बायको म्हणते, "तुम्ही ना, सावलीला ऊन लागेल म्हणून तिच्याही डोक्यावर टोपी ठेवायला जाल." ती प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे तिच्याकडे अशा वाक्यांना तोटा नाही.

बहिणीशी माझं बोलणं होतं, राखीला आणि दिवाळीला. ती फोन करते. माझ्या फोनमध्ये तिचं नाव 'मोटार वायंडिंग' असं ठेवलेलं आहे, कारण आबा बऱ्याचदा फोनच्या आसपास असतात. एका दिवाळीला मी आंघोळीला गेलो असताना फोन वाजला. बाहेर आलो तर आबा फोन हातात घेऊन उभे. "तुन्हा वायंडिंगवालाना फोन शे," म्हणाले आणि माझ्या हातात देऊन देवघराकडे गेले. मी दोन मिनिटं स्टार्टर, कॉइल आणि जळालेल्या वायरीबद्दल मोठमोठ्याने बोललो. तिकडे सुरतेत बहीण हसून हसून बेजार झाली होती. मला घाम फुटला होता.

आता माझ्या मुलीबद्दल. दहावीला तिला चांगले मार्क पडले. ते तिला पडले, पण डोक्यात माझ्या गेले. डॉक्टर करायचं म्हणून मी तिला लातूरला क्लासला ठेवलं. मी ठेवलं, बायकोची इच्छा नव्हती आणि मुलीला कुणी विचारलं नव्हतं. दिवसातून चार वेळा मी तिला फोन करायचो. जेवलीस का, टेस्टला किती पडले, खोलीला कडी लावलीस का, आणि परत, किती पडले. आधी ती सांगायची. मग नुसतं 'हो' म्हणायची. मग फोन उचलेनाशी झाली. आठव्या महिन्यात हॉस्टेलच्या बाईंचा फोन आला, "मुलगी गच्चीवर फार वेळ एकटीच बसलेली असते. तुम्ही येऊन घेऊन जा." त्या वाक्याचा अर्थ मी त्या दिवशी गाडी चालवताना लावला नाही. मुद्दामच लावला नाही.

घरी आणल्यावर ती मागच्या खोलीत जाऊन निजली ती सहा महिने तिथेच. खिडकी बंद, पंखा चालू, ताट गेलं तसं परत. शहाद्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बोलतं करायला दर पंधरा दिवसांनी बोलावलं, आणि म्हणाले, "सकाळच्या उन्हात बाहेर काढा हिला." म्हणणं सोपं होतं. मी दाराबाहेर उभा राहून "बाळा, उठतेस का?" विचारायचो आणि आतून काही आलं नाही की दाराला कान लावायचो. श्वास ऐकू येतोय का एवढंच ऐकायचं असायचं. कारखान्यात गेलो तरी कान त्या दाराशीच असायचा.

बायकोला शहाद्याच्या एसटी स्टँडवर एका खांबावर कागद चिकटवलेला दिसला. चौदा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी दर रविवारी सातपुड्याच्या पाऊलवाटांवर धावण्याचं प्रशिक्षण. तिने फोटो काढून आणला आणि जेवताना मोठ्याने वाचला. मी लगेच यादी सुरू केली: साप, बिबट्या, कडे, आग्या मोहोळ, मुलगे. यादी मुलग्यांपर्यंत पोचली तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला. कितीतरी महिन्यांनी तिने आपणहून काही विचारलं होतं.

"तिथे रेंज असते का?"

"नसते म्हणे," बायको म्हणाली.

"मग जाते."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात डबा उघडल्यावर त्या 'मग'चा अर्थ मला लागला. जिथे माझा फोन पोचणार नाही अशी जागा तिला हवी होती. डबा तसाच बंद करून ठेवला.

आबांना आम्ही 'शिबिर' म्हणून सांगितलं. शिबिराला कुणी ना म्हणत नाही.

प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम डोंगरातल्याच, पावरा आदिवासी घरातल्या. आश्रमशाळेत असताना धावायच्या, आता एका शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत. बोलणं कमी, आणि घाई कसलीच नाही. त्यांचा एकच नियम होता, आणि सगळं त्यावरच चालायचं. एकट्याने धावायचं नाही. खालच्या सपाटीवरचं एक मूल आणि वरच्या डोंगरातलं एक, अशी जोडी. जोडीतले दोघं बरोबर आले तरच आले असं धरायचं. माझ्या मुलीच्या वाट्याला अकरावीतली एक पावरा मुलगी आली. हिची अहिराणी तिला अर्धी कळायची, तिची पावरी हिला अजिबात नाही. मग दोघी पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलायच्या. "मैत्रीण, तू दमलीस का?" "होय, मैत्रीण. आपण पाणी पिऊया." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं थट्टा चाललीय. तशी ती नव्हती. त्यांच्याकडे दुसरी भाषाच नव्हती.

पहिल्या रविवारी माझी मुलगी पहिला चढ चढली आणि ओकली. मॅडमनी लिंबू-मिठाचं पाणी दिलं आणि म्हणाल्या, "इथेच बस. येताना तुला घेऊन जाऊ." जोडीदारीणही तिच्याजवळ बसून राहिली, कारण नियमच तसा. तीन तास दोघी एका दगडावर बसून होत्या आणि काय बोलल्या ते आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. मुलगी घरी आली ती गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेली. दीड भाकरी खाल्ली, वर लसणाची चटणी मागून घेतली. तिसऱ्या रविवारी बुटांत ओढ्याचं पाणी गेलं, ते वाळवायला तिने मागच्या खोलीची खिडकी उघडली. बायकोने मला खुणेने बोलावून ती उघडी खिडकी दाखवली. आम्ही दोघं चोरासारखे दारात उभे राहून उन्हात ठेवलेले बूट बघत होतो.

पुढच्या चार महिन्यांत ती माझ्याशी भांडायला लागली. चहात साखर जास्त पडली, तुम्ही गाडी फार हळू चालवता, माझ्या खोलीत दार वाजवून या. एवढं भांडण ऐकून मला आनंदाने रडू यायचं. डॉक्टरांनी आधी गोळ्या अर्ध्या केल्या, नंतर आणखी कमी केल्या. पण माझ्या काळजीने घर काही सोडलं नाही, नुसती खोली बदलली. आता वाटायचं, हे थांबलं तर? पाय मुरगळला तर? आणि सगळ्यात मोठं, आबांना कळलं तर? नात रविवारी डोंगरात जाऊन तेच करते जे या घरात बोलायचंही नाही, हे कळल्यावर आबा 'बंद' म्हणाले, तर त्यांच्यापुढे बोलायची माझी आजवर छाती झाली नव्हती. ती खिडकी पुन्हा लागली असती, आणि ती लागू नये एवढंच मला हवं होतं.

जानेवारीत मोठी शर्यत ठरली. चौदा किलोमीटर. पायथ्याच्या एका गावातून वर पठारावर जायचं आणि दुसऱ्या बाजूच्या नाळेने, म्हणजे अरुंद घळीने, खाली उतरून गावाच्या शाळेच्या मैदानावर यायचं. मी मॅडमना गाठून म्हणालो, मधे कुठून तरी मला फोन आला पाहिजे. त्या म्हणाल्या, "सर, मुलं कमी दमतात, पालक जास्त." मी ऐकेना. शेवटी त्या म्हणाल्या, दुसऱ्या पाण्याच्या जागी एका खडकावर चढलं तर रेंज येते, तिथला स्वयंसेवक तुम्हाला फोन करेल. त्यांनी वही पुढे केली. मी माझा नंबर लिहिला. मग वाटलं, माझा लागला नाही तर? म्हणून खाली घरचा लिहिला, म्हणजे आबांचा बटणाचा फोन. चार महिने जे आबांपासून लपवून ठेवलं होतं, ते मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, आणि वही मिटेपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नाही. आलं तेव्हा म्हटलं, माझा लागेलच की.

त्या रविवारी बायको दोंडाईच्याला भावाकडे साखरपुड्याला गेली होती. आबा घरी एकटे. मी पहाटे मुलीला घेऊन निघालो. थंडी चांगलीच होती. मुलीने बुटाची नाडी दोनदा सोडून बांधली आणि मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही खाली रस्त्याच्या वळणावर थांबा. तिथे रेंज आहे. इथे येऊन माझ्या डोक्यावर उभे राहू नका." बरं म्हणालो. शिट्टी वाजली, जोड्या वर निघाल्या, आणि पहिल्याच वळणाला ती दिसेनाशी झाली.

रस्त्याच्या वळणावर मी तासभर थांबलो. मग माझ्या जिवाला काही राहवेना. समजा, ती आधीच आली आणि मी तिथे नसलो तर? असल्या विचारापुढे माझं काही चालत नाही. मी गाडी काढली आणि मैदानावर येऊन बसलो. तिथे रेंज नव्हती.

आणि साडेआठला, दुसऱ्या पाण्याच्या जागी, त्या बिचाऱ्या स्वयंसेवकाने खडकावर चढून माझा नंबर लावला. लागला नाही. मग वहीतला दुसरा लावला. हे सगळं मला नंतर कळलं. तो वरच्याच गावचा, फोनवर शुद्ध मराठी बोलायचं अशी त्याला शिकवण. त्याने सांगितलं, "काका, तुमची मुलगी तिच्या जोडीदारासोबत पुढे पळून गेली आहे. काळजी करू नका." आबांना यातलं 'पुढे' ऐकू आलं नाही. बाकी सगळं ऐकू आलं.

मैदानावर फक्कीची पांढरी रेघ आखली होती. नऊनंतर एकेक जोडी त्या रेघेवरून आत यायला लागली. गावातल्या बायका गुळाचा चहा देत होत्या, केळ्यांचे घड मांडले होते. प्रत्येक जोडीला मी विचारायचो, "माझी पोरगी दिसली का?" मुलं धापा टाकत मान हलवायची. दहा वाजता एक जोडी म्हणाली, "त्या दुसऱ्या पाण्यापर्यंत आमच्या पुढे होत्या, काका."

पुढे होत्या. मग ही दोघं आधी कशी आली?

मॅडमनी दोन मोठ्या मुलांना शिट्टी देऊन वर परत पाठवलं. मी म्हणालो, मीही जातो. त्या म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर मला तुम्हाला शोधायला आणखी दोघं पाठवावे लागतील. इथेच थांबा." साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. बिबट्या आणि साप माझ्या डोक्यातून केव्हाच गेले होते. माझ्या डोळ्यांसमोर एकच होतं, लातूरची ती गच्ची. 'फार वेळ एकटीच बसलेली असते.' त्या वाक्याचा जो अर्थ मी तेव्हा लावला नव्हता, तो त्या मैदानावर मला पूर्ण लागला, आणि नाळेच्या वरची कड मला तिथून स्वच्छ दिसत होती. मी जोडीच्या नियमाला धरून बसलो. एकटी नाहीये ती, एकटी नाहीये, असं तोंडाने पुटपुटत होतो. चहा देणारी बाई माझ्याकडे बघून बाजूला सरकली.

तेवढ्यात शेजाऱ्यांची जीप मैदानात आली. पुढच्या सीटवरून आबा उतरले. डोक्याला टोपी, हातात काठी, पायात घरातल्या स्लिपरा. चेहऱ्यावरून काही कळेना. शेजाऱ्यांना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, नातीला शिबिरातून आणायचं आहे; शिबिराचं गाव आम्हीच त्यांना सांगून ठेवलं होतं. ते सरळ माझ्यापाशी आले.

"कोन्हासंगे गयी?"

मला वाटलं, संपलं. शर्यतीचं कळलं यांना. आता लपवण्यात काही राम नव्हता, आणि माझं अर्धं लक्ष डोंगराकडे होतं.

"जोडीदारासंगे," मी म्हणालो.

"त्या पोऱ्यानी फोनवर हाईच सांगं. कोठे ऱ्हास?"

"वर. पाडावर."

"काय करस?"

"शिकस अजून."

अहिराणीत 'तो शिकतो' आणि 'ती शिकते' या दोन्हीला 'शिकस'च म्हणतात. मी मुलीच्या मैत्रिणीबद्दल सांगत होतो. आबा कुणा डोंगरातल्या, अजून कमावत्या न झालेल्या मुलाबद्दल ऐकत होते. ते शाळेच्या पायरीवर बसले. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. आता हे काय बोलतील, या भीतीने मी उभाच राहिलो.

"मन्हं आयक," ते म्हणाले. "पोर सापडनी ते तिले मारू नको. बोलू बी नको. कोन्ही बी ऱ्हावो, दोन्हीसले घर लई चाल."

मला काही कळेना. मारायचं कशाला? दोघांना घरी कशाला न्यायचं?

आबा माझ्याकडे न बघता मैदानाकडे बघत बोलत राहिले. "तुन्ही बहीन तिसरा रोज परत उनी व्हती. तू धुळाले व्हता, तुले माहीत नही. मी कडी काढी नही. दुपारपावत ती ओटावर बठी ऱ्हायनी. मंग गयी."

मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होतो. तीस वर्षं मी समजत होतो की ती गेली ती गेलीच, तिने मागे वळून पाहिलं नाही. तिनेही फोनवर कधी सांगितलं नाही. दर राखीला मी तिच्याशी बोलत होतो आणि ती आमच्या बंद दाराबाहेर अर्धा दिवस बसली होती हे मला ठाऊक नव्हतं. आणि आतल्या बाजूला हे बसले होते. बंद दाराशी कान लावून बसणं काय असतं ते मला आता माहीत झालं होतं. मला आबांचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्यांच्या पायातल्या घरातल्या स्लिपरा दिसल्या. मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, हे काय समजून आलेत ते.

"आबा," मी जवळजवळ ओरडलोच, "ती पयी गयी नही! ती पयी ऱ्हायनी!" पळून गेली नाही, पळतेय.

त्यांनी वर पाहिलं. "कोन्हा मांगे?"

"कोन्हाच मांगे नही. शर्यत शे, शर्यत. आनि जोडीदार म्हंजे पोर शे, तिनी मैत्रीण."

त्यांना हे उतरायला वेळ लागला. मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं, शिबिर नाही, धावणं आहे, चार महिने झाले, खिडकी यामुळेच उघडली. क्रियापद मी दहा वेळा तरी वापरलं असेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि अगदी साधा प्रश्न विचारला.

"मंग आते कोठे शे ती?"

ते मला माहीत नव्हतं. आबा काठी टेकत उठले, रेघ ओलांडून पलीकडे गेले आणि पाऊलवाट जिथे मैदानात उतरते तिथे जाऊन उभे राहिले. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. उन्हं डोक्यावर यायला लागली होती.

सव्वाअकराला वरून शिट्टी ऐकू आली. मग पळसांच्या मधून दोन मुलगे दिसले, रिकाम्या हाताने, ओशाळल्यासारखे चाललेले. त्यांच्या पुढे दोघी. जोडीदारणीचा घोटा ओढणीने आवळून बांधलेला, तिचा हात माझ्या मुलीच्या गळ्यात, आणि माझी मुलगी दात-ओठ खात एकेक पाऊल उतरत होती. नाळेत दगड निसटून जोडीदारणीचा पाय मुरगळला होता, तिथून इथवर दोघी अशाच आल्या होत्या. मुलगे उचलून आणतो म्हणाले तर माझी मुलगी म्हणाली होती, "जोडीनेच यायचं असतं. तुम्ही मागे चाला." ही तीच, जिला सहा महिने ताटापर्यंत येता येत नव्हतं.

मैदानावर सगळे उभे राहिले. रेघ वीस-पंचवीस पावलांवर होती. माझ्या मुलीने जोडीदारणीकडे पाहिलं आणि त्यांच्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाली, "मैत्रीण, आता आपण पळूया का?"

"होय, मैत्रीण. पळूया."

आणि त्या तीन पायांनी लंगडत, हसत, ओरडत पळाल्या. आबांच्या अगदी समोरून गेल्या. रेघेपलीकडे दोघी तशाच मातीत बसल्या. मी तिच्याजवळ गेलो. तिने माझ्याकडे वर पाहिलं.

"पप्पा, जेवलात का?" ती म्हणाली. "नाही ना? केळं खा आधी."

लातूरला मी तिला हेच विचारायचो. मी केळं खाल्लं. कधी खाल्लं नव्हतं इतकं मुकाट्याने खाल्लं.

आबा काठी टेकत आले. जोडीदारणीचा घोटा त्यांनी वाकून बघितला, हळूच दाबून बघितला, आणि "हाडले काही नही" असं सांगितलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "हाई शे का जोडीदार?" आणि हसले. किती दिवसांनी हसले ते मला सांगता येणार नाही. मुलीने माझ्याकडे पाहिलं, आबा इथे कसे म्हणून. घरी गेल्यावर सांगतो, अशी मी खूण केली.

परतताना जीप पुढे गेली, आबा माझ्या गाडीत बसले. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती, तोंड उघडं टाकून, बूट मांडीवर घेऊन. मी हळूच चालवत होतो आणि आरशातून तिचा श्वास बघत होतो, ती सवय काही जाणार नाही. शहाद्याच्या अलीकडे केळीच्या बागा सुरू झाल्या तशी रेंज आली आणि माझा फोन वाजत सुटला. आबांचे सात मिस्ड कॉल. सात वेळा त्यांनी मला बोलवायचा प्रयत्न केला होता.

आबा फोनकडे बघत होते. म्हणाले, "गाडी बाजूले ले."

घेतली.

"त्या वायंडिंगवालाले फोन लाव."

"आबा, मोटार ते चालू शे," मी म्हणालो.

"मोटार कधी बिघडनीच नही," आबा म्हणाले. "मले ठाऊक शे. लाव."

मी लावला. तिकडे घंटी वाजत राहिली. एरवी मी आपणहून कधी फोन करत नाही, त्यामुळे तिने उचलला तो घाबरूनच. "भाऊ? काय झालं रे? आबा बरे आहेत ना?" फोन स्पीकरवर होता. आबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि तोंडाच्या अगदी जवळ धरला.

"मी आबा बोली ऱ्हायनू," ते म्हणाले. मग म्हणाले, "दार उघडं शे."

सुरतेहून काही आवाज आला नाही. आबांनी फोन कानाला लावून पाहिला, परत समोर धरून पाहिला, आणि काळजीने माझ्याकडे दिला.

"रेंज गयी का रे? देख बरं."

मी पाहिलं. रेंज होती. चारही कांड्या होत्या.